विश्लेषण : महागड्या पॉवर केबलने घरातल्या साउंड सिस्टिमचा आवाज खरंच सुधारतो का?

जपानमधील काही संगीतशौकिनांनी केवळ आपल्या साउंड सिस्टिमसाठी घराशेजारी स्वतंत्र विजेचा खांब उभारून घेतल्याचे वृत्त अमेरिकेच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१६ मध्ये दिले होते. अंधेरी-बोरिवलीच्या सोसायटीत असा खांब कोण उभारू देणार? त्यामुळे इथला शौकीन केबलकडे वळतो. अॅम्प्लिफायरसोबत आलेली साधी काळी वायर काढायची आणि जाडजूड, चकाकत्या पिनांची पॉवर केबल लावायची. किंमत काही हजारांपासून लाखाच्याही पुढे. ‘बेस घट्ट होतो’, ‘गायकाचा आवाज मोकळा होतो’ असे दावे रील्समध्ये सर्रास ऐकू येतात. त्यात तथ्य किती?

शेवटच्या दीड मीटरचा हिशेब

अंधेरी, बोरिवली, घाटकोपरमध्ये अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर वीज पुरवतात, तर मुलुंडमध्ये महावितरण. कंपनी कोणतीही असो, वीज उपकेंद्रातून जमिनीखालच्या केबलने सोसायटीच्या मीटरपर्यंत येते, तिथून जिन्यातून घरात आणि मग भिंतीतल्या वायरमधून सॉकेटपर्यंत. या सगळ्या प्रवासानंतर महागडी केबल येते ती शेवटच्या दीड मीटरला.

आकडेच पाहू. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या दीड मीटर केबलचा जाण्या-येण्याचा मिळून रोध साधारण ०.०३४ ओहम भरतो. २०० वॉट वीज घेणारा अॅम्प्लिफायर २३० व्होल्टवर एक अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह ओढतो. म्हणजे केबलमध्ये वाया जाणारा दाब सुमारे ०.०३ व्होल्ट. याउलट घरगुती वीजपुरवठ्यात ६ टक्के चढउतार नियमानेच मान्य आहे, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट. समोरच्या फ्लॅटमध्ये गीझर लावला तरी याहून मोठा फरक पडू शकतो. केबल सोन्याची केली तरी वाचणार ते ०.०३ व्होल्टच.

शिवाय अॅम्प्लिफायर ही वीज जशीच्या तशी स्पीकरला देत नाही. आतला पॉवर सप्लाय तिचा दाब बदलतो, एसीचे डीसी करतो आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवून गुळगुळीत करतो. भिंतीतून येणारे चढउतार सोसण्यासाठीच तो बनवलेला असतो. पाण्याच्या टाकीचेच उदाहरण घ्या: पालिकेचा नळ पितळी की प्लास्टिकचा, याने गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या धारेला काही फरक पडत नाही.

ऐकणाऱ्यांची परीक्षा घेतली तेव्हा

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ऑडिओशौकिनांनी २००४ मध्ये याची चाचणी घेतली होती. एकीकडे साध्या केबल, दुसरीकडे अत्यंत महागड्या. कोणती जोडली आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितले नव्हते. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली, म्हणजे ४९ टक्के. नाणे उडवूनही एवढेच जमले असते. आणि हे ऐकणारे ऐरेगैरे नव्हते, कानाचा शौक असलेले लोक होते.

मग घरी फरक जाणवतो तो खोटा का? जाणवणे खरे असते, कारण वेगळे असते. पैसे मोजल्यावर माणूस कान देऊन ऐकतो आणि रोजच्या गाण्यातही नवे काही सापडते. कधी केबल बदलताना प्लग काढून घट्ट बसवला जातो आणि मुंबईच्या दमट हवेत गंजलेला संपर्क आपोआप साफ होतो. श्रेय मात्र नव्या केबलला मिळते.

घरघर येत असेल तर

स्पीकरमधून सतत ‘हम्म’ असा आवाज येणे ही खरी तक्रार आहे, पण तिचे मूळ बहुधा केबलमध्ये नसते. नेहमीचे कारण म्हणजे अर्थिंगला दोन वाटा मिळणे. अॅम्प्लिफायर घरच्या अर्थिंगला जोडलेला आणि सेट टॉप बॉक्सची केबल इमारतीत दुसरीकडे अर्थ केलेली असली, की दोघांमधून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. आवाज थांबला तर चोर सापडला. त्यावर त्या वायरला लावायचा आयसोलेटर मिळतो, लॅमिंग्टन रोडवर चौकशी करता येईल. काही जण यावर उपाय म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. ते जीवघेणे ठरू शकते, कारण बिघाड झाल्यास विजेचा झटका त्याच पिनेमुळे टळतो.

जुन्या इमारतींमध्ये अर्थिंगच नीट नसते, तिथे परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घेणे हा केबलपेक्षा कितीतरी उपयोगी खर्च आहे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर किंवा स्वस्त एलईडी दिव्यांमुळेही खरखर येऊ शकते. ते एकेक करून बंद केले की कळते.

साधी केबलही बदलावी लागते, पण कारणे साधीच असतात: वायर बारीक असणे, प्लग गरम होणे, ठिणगी उडणे, आवरण तडकणे. तेव्हा आयएसआय चिन्ह असलेली, योग्य जाडीची तांब्याची केबल पुरते.

तरीही महागडी केबल घ्यायचीच असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी घरच्या कुणाला तरी तुमच्या नकळत दहा वेळा दोन्हींपैकी एक केबल लावायला सांगा. कोणती लावायची, ते त्याने दर वेळी नाणे उडवून ठरवावे. लावणारा समोर दिसू नये आणि आवाजाची पातळी तीच राहावी. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. पाच-सहा आली, तर केबल परत करता येईल.