शिक्षकाचे संशोधन आणि रजेचा अर्ज

अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या, एक अपवाद वगळता, सर्व सभासदांनी जून २०२५ मध्ये राजीनामे दिले. गुणवत्तेवर निवडलेल्या अभ्यासकांची नावे राजकीय कारणांसाठी गाळली जात आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. त्याच्या आधीच्याच महिन्यात अमेरिकन वकिलातींनी विद्यार्थी व विनिमय-योजनांतील पाहुणे यांच्या व्हिसासाठी नव्या मुलाखती ठरविणे थांबविले होते. सुमारे तीन आठवड्यांनी ते काम पुन्हा सुरू झाले. पण अर्जदाराने समाजमाध्यमांवर काय काय लिहिले आहे याची झडती घेण्याची नवी अट घेऊनच. आपल्याकडे यावर जो गलबला झाला तो परदेशी शिकावयास निघालेल्या मुलामुलींच्या काळजीचा होता, आणि तो स्वाभाविकच होता. परंतु याच वाटेने आपले काही शालेय शिक्षकही शिक्षणशास्त्राचे संशोधन करण्यासाठी जात आले आहेत, याची आठवण फारशी कुणाला झाली नाही. ती आम्ही येथे करून देऊ इच्छितो. कारण या शिक्षकांच्या वाटेतील पहिली धोंड वॉशिंग्टनमध्ये नसून जिल्ह्याच्या कचेरीतच पडलेली असते.

सिनेटर फुलब्राइट यांचा कायदा १९४६ सालचा. महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेल्या अमेरिकन सामग्रीच्या विक्रीतून येणारा पैसा विद्येच्या देवघेवीवर खर्च करावा, ही त्यामागील कल्पना. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. २००८ साली तो नव्याने झाला, शिष्यवृत्तीला नेहरूंचेही नाव जोडले गेले आणि खर्चाचा वाटा भारत सरकारने उचलला. तेव्हा ही काही दात्याने याचकाच्या झोळीत टाकलेली भिक्षा नव्हे.

शालेय शिक्षकांसाठी असलेल्या या योजनेत शिक्षक साधारण एक सत्र तेथील विद्यापीठात राहतो, आसपासच्या शाळांत जाऊन बसतो आणि एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतः निवडलेल्या प्रश्नाचा छडा लावतो. प्रश्न त्याचा स्वतःचा असतो, ही यातील मुख्य गोष्ट. एरवी आमच्या शिक्षकाला प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाही. वरून आलेली उत्तरे वर्गात उतरविणे, एवढेच त्याचे काम मानले गेले आहे. चौथीतील मुलाला भागाकार का येत नाही, घरी गोंडी वा भिली बोलणारे मूल मराठी पुस्तकापाशी का अडखळते, एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसवून कसे शिकवावे, हे प्रश्न त्याला रोज भेटतात. त्यांवर प्रबंध मात्र तेच लिहितात ज्यांचा फळ्याशी संबंध कधीच तुटलेला आहे!

असा अभ्यास फुकट जात नाही, याचा दाखला शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या डॉ. चित्रा नाईक १९५३ साली याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधनासाठी गेल्या होत्या. पुढील आयुष्यात त्यांनी अमेरिकेची नक्कल करणारी एखादी श्रीमंती शाळा काढली नाही. जे. पी. नाईक यांच्या बरोबरीने त्यांनी भारतीय शिक्षण संस्थेचे काम उभारले आणि गुरे राखणाऱ्या, धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी पुण्याच्या परिसरातील खेड्यांत सायंकाळचे अनौपचारिक वर्ग चालविण्याचे प्रयोग केले. परदेशात राहून आपल्याच प्रश्नाकडे पाहण्याची नजर येते, ती अशी.

परंतु आज खेड्यातील एखाद्या शिक्षकाने असे जावयाचे ठरविले तर काय होते? रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील या शिक्षकाला डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुढे त्यांना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या रजेचा प्रश्न वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्या वादात अधिकाऱ्यांचेही काही म्हणणे होते, आणि त्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलेलो नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातले तेव्हा रजेचा मार्ग मोकळा झाला. जगाने गौरविलेल्या शिक्षकाच्या रजेसाठी जर मंत्र्यांना हात घालावा लागतो, तर ज्याचे नाव शेजारच्या तालुक्यालाही माहीत नाही त्याने अर्ज कोणाच्या भरवशावर करावा?

शिक्षक गेला तर मुलांचे नुकसान होते, हे उत्तर यावर ठरलेले आहे. ते खोटे नाही. साठ मुलांपर्यंतच्या शाळेला कायद्यानेच दोन शिक्षक. त्यांतील एक गेला की अर्धी शाळा गेली. पण हीच काळजी मतदार याद्यांच्या वेळी कोठे जाते? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक एवढ्या कामांखेरीज अशैक्षणिक कामास जुंपू नये असे सांगते. ही तीन कामे आवश्यक आहेतच. ती निघाली की शिक्षक वर्गाबाहेर पडतो आणि मुलांच्या नुकसानीचा उच्चारही कोणी करीत नाही. स्वतःच्या धंद्याचा अभ्यास करण्यासाठी तोच शिक्षक रजा मागू लागला, की मात्र कचेरीला विद्यार्थ्यांचा कळवळा येतो.

परदेशवारीच नको, असेही कोणी म्हणत नाही. पंजाबने फेब्रुवारी २०२३ मध्ये ३६ मुख्याध्यापकांना सिंगापूरला पाठविले आणि पुढे प्राथमिक शिक्षकांची तुकडी फिनलंडमधील तुर्कू येथे धाडली. दिल्लीत तर जानेवारी २०२३ मध्ये शिक्षकांच्या फिनलंड-प्रवासावरून मंत्रिमंडळ आणि नायब राज्यपाल यांच्यात जुंपली. जावे की जाऊ नये, एवढ्यावरच सारा वाद. जाऊन काय शोधावयाचे, हे दोन्ही बाजूंना गौण. असे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण निरुपयोगी असते असे नाही, पण ते संशोधन नव्हे. आणि संशोधनासाठी श्रीमंत देशच हवा, असाही नियम नाही. एका खोलीत अनेक इयत्ता शिकविण्याच्या प्रश्नावर कोलंबियातील ग्रामीण शाळांनी १९७० च्या दशकापासून ‘नवी शाळा’ या नावाने जो प्रयोग केला, त्यात मूल अभ्यासपुस्तिकेच्या आधारे आपल्या गतीने पुढे सरकते. आपल्या दोन-शिक्षकी शाळेला फिनलंडपेक्षा हे अधिक जवळचे आहे. तेथे सहा महिने राहून आलेला एक शिक्षक आम्हांस हवा आहे.

परतीची कथा तर आणखी विचित्र. फुलब्राइटवर गेलेल्याने दोन वर्षे मायदेशी काढल्याखेरीज अमेरिकेत कायमच्या वास्तव्याची परवानगी मागता येत नाही, असा तेथील कायदा. म्हणजे शिक्षकाने शिकलेले स्वदेशी न्यावे याची तजवीज परक्यांनी केली. आणि स्वदेशाने त्याला जुन्याच हजेरीपटावर बसवून काय आणलेस म्हणून विचारूही नये! २०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकास वर्षाला किमान पन्नास तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सांगितले आहे. ते देणारी माणसे कोठून आणावयाची? बाहेर अभ्यास करून आलेला शिक्षक आठवड्यातून एक दिवस जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत बसला, तर त्यासाठी वेगळा तज्ज्ञ नेमावा लागणार नाही.

सरकारी सेवकांसाठी राज्याच्या १९८१ च्या नियमांत अध्ययन रजा आहे. तिचा विचार शालेय शिक्षकाला डोळ्यांपुढे ठेवून नव्याने व्हावा: निवडपत्र हाती आल्यापासून ठराविक मुदतीत रजेचा निर्णय लेखी मिळावा, नकार असल्यास त्याची कारणे द्यावीत, गेलेल्या शिक्षकाच्या जागी तेवढ्या काळापुरता बदली शिक्षक नेमला जावा, आणि परत आलेल्याचा अहवाल मराठीत छापून प्रत्येक केंद्रशाळेत पोहोचावा. अमेरिकेचे दार उद्या किती उघडे राहील, हे मुंबईला ठरविता येणार नाही. रजेच्या अर्जावर किती दिवसांत सही व्हावी, हे ठरविता येईल. आणि राज्याच्या शिक्षणखात्याने ते पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवावे.