वुजूचं पाणी

जकार्ताच्या इस्तिकलाल मस्जिदीत दोन लाख नमाजी मावतात. एवढ्यांच्या वुजूला पाणी किती लागत असेल! तिथे कमी धारेचे नळ बसवले, वुजूचं पाणी पुन्हा वापरात आणलं, छतावर सौर पॅनेल लावली. २०२२ साली या मस्जिदीला हरित इमारतीचं ‘एज’ प्रमाणपत्र मिळालं; प्रार्थनास्थळांत जगात पहिलं.

प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे साधारण पाऊण लिटर. भगिनींनो, हे वाचून मी काल मोरीतल्या नळाखाली बादली ठेवून वुजू केला. अर्धी बादली भरली! मसह करतानाही नळ चालूच. त्या पाण्याने अंगण धुतलं, आणि आज तांब्या घेतला. सासूबाई नुसत्या हसल्या. त्या पहिल्यापासून तांब्यानेच करतात.