औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी कोण वाचणार?



शाळेच्या पत्रिकेत आपण परीक्षा, स्नेहसंमेलन, खेळ आणि निकाल यांविषयी लिहीत असतो. या अंकात आम्ही अशा मुलांविषयी लिहीत आहोत, ज्यांचे नाव अजून आपल्या हजेरीपटावर आलेले नाही. ही मुले वर्ष-दोन वर्षांची आहेत, आपल्याच विद्यार्थ्यांची धाकटी भावंडे आहेत आणि दोन-चार वर्षांनी आपल्याच शाळेत येणार आहेत. ती आजारी पडतात तेव्हा घरात कोण काय ठरवते, हा विषय शाळेचाही आहे असे आमचे मत आहे.

कारण फार दूरचे नाही. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीपासून शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुले एकामागून एक दगावू लागली. सुरुवातीला साधा ताप, सर्दी आणि खोकला होता. औषध सुरू झाल्यावर उलट्या होऊ लागल्या, मग लघवी बंद झाली आणि मूत्रपिंडे निकामी झाली. कितीतरी आईवडील मूल कडेवर घेऊन नागपूरच्या दवाखान्यांत धावले. आधी एखाद्या साथीचा संशय आला, पाण्याचे नमुनेही तपासले गेले. शेवटी बोट खोकल्याच्या एका सिरपकडे वळले. त्याचे नाव कोल्ड्रिफ. ते तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात श्रीसन फार्मास्युटिकल्स या कंपनीने बनवले होते. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्याच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. ते ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्य प्रदेश शासनाने या सिरपवर बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता. वीसहून अधिक मुले गेली आणि त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालची होती. बैतूल आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यालाही त्याची झळ पोहोचली.

या घटनेवर गावात जे बोलले जाते, त्यात दोन टोके आम्हाला ऐकू येतात. एक म्हणजे, "आईवडिलांनी लक्ष द्यायला हवे होते." दुसरे म्हणजे, "आता मुलाला औषधच नको, घरचेच काय ते करू." ही दोन्ही मते आम्हाला मान्य नाहीत.

पहिले मत अन्यायाचे आहे. त्या आईवडिलांनी जे करायला हवे तेच केले होते. ते डॉक्टरकडे गेले, चिठ्ठी घेतली, मेडिकलमधून पैसे देऊन औषध आणले आणि सांगितले तसे दिले. हे विष रंगहीन आहे, चवीला गोडसर आहे आणि सिरपच्या गोडीत ते कोणालाही कळत नाही. पातळ औषध विरघळवण्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. त्याच्या जागी, किंवा त्यात मिसळून, कारखान्यात वापरायचा स्वस्त माल आला आणि तो न तपासता वापरला गेला, की असे घडते. ते ओळखण्याचे काम आईचे नाही. ते कारखान्याचे आहे आणि औषध प्रशासनाचे आहे.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १९३७ साली अमेरिकेत याच विषाने शंभरहून अधिक लोक गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा झाला. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. जम्मूच्या रामनगर भागात २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला लहान मुले अशाच सिरपने गेली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे सत्तर मुले दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला. म्हणजे कारण ठाऊक होते आणि तपासणीची रीतही ठाऊक होती. कोल्ड्रिफची तपासणी एकदा हाती घेतल्यावर निकाल मोजक्या दिवसांत आला. जी तपासणी इतक्या लवकर होऊ शकते, ती बाटली दुकानात येण्याआधी व्हायला हवी होती, एवढी मागणी करण्याचा आपला हक्क आहे. कंपनीचा परवाना रद्द झाला, मालकाला अटक झाली, पण त्याने गेलेले मूल परत येत नाही.

दुसरे मत भीतीतून आलेले आहे. ती भीती आम्ही समजू शकतो, पण तिचा परिणामही घातक आहे. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागण्या देण्याच्या प्रथेला डंबा म्हणतात. आपल्याच राज्यातील शहडोल जिल्ह्यातून २०२३ साली अशाच डागण्यांच्या बातम्या आल्या. त्या बाळांना न्यूमोनिया होता आणि त्याला औषध आहे. औषधाला घाबरून घरी बसणे म्हणजे मुलाला दुसऱ्या संकटात ढकलणे आहे.

मग आपल्या हातात काय आहे? आम्ही डॉक्टर नाही आणि हा लेख डॉक्टरच्या जागी वापरू नये. पण चार गोष्टी प्रत्येक घराला समजू शकतात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, साध्या सर्दी-खोकल्याला बहुधा सिरप लागतच नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. अशी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. मुलाला पाणी आणि दूध पाजत राहावे, विश्रांती द्यावी, नाक मोकळे ठेवावे. एक वर्षावरील मुलाला थोडा मध चालतो, पण वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज घुटीसुद्धा नको. डॉक्टरने औषध लिहिले नाही तर "हा कसला डॉक्टर" असे आपण म्हणतो. ती सवय आपणच सोडली पाहिजे. समजावून सांगून परत पाठवणारा डॉक्टर आपले भलेच करतो.

दुसरी गोष्ट, धोका कधी आहे हे ओळखणे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील आरोग्यदूतांना आणि दाईंना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. आकडे न येणाऱ्या बाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे एक साधे साधन तयार केले. १९९० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, यामुळे बालमृत्यू कमी होतात. आपल्या घरात तर घड्याळ आहे आणि मोजता येणारे विद्यार्थीही आहेत. मूल शांत असताना पोटाचे वर-खाली होणे पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर थांबू नये. छाती आत ओढली जात असेल, मूल काहीच पीत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, झटके येत असतील, सुस्त पडले असेल, किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला नुसता ताप आला तरी लगेच दाखवावे. १०८ ही गाडी त्यासाठीच आहे. परासियाच्या मुलांमध्ये लघवी बंद होणे ही मोठी खूण होती, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट, मात्रा वयाने ठरत नाही, वजनाने ठरते. तापाचे पॅरासिटामॉल घ्या. थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. त्याच नावाच्या सिरपमध्ये ५ मिलीला कुठे १२५, तर कुठे २५० मिलिग्रॅम असते. १० किलोच्या मुलाला डॉक्टरने १५० मिलिग्रॅम सांगितले, तर थेंबांचे दीड मिली, पहिल्या सिरपचे ६ मिली आणि दुसऱ्याचे ३ मिली होतात. हे सातवीच्या त्रैराशिकाचे उदाहरण आहे. ते चुकले तर गुण जाणार नाहीत, बाळाच्या यकृताला इजा होईल. म्हणून घरचा चमचा वापरू नये, बाटलीसोबत आलेले माप वापरावे. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला देऊ नये आणि शेजारणीच्या मुलाच्या चिठ्ठीवर औषध आणू नये.

जुलाबातही वाचणे उपयोगी पडते. ओआरएसच्या पाकिटावर ते किती पाण्यात घालायचे हे लिहिलेले असते, कारण मोठे पाकीट एक लिटरचे असते आणि छोटे २०० मिलीचे. दुकानात रंगीत डब्यांत गोड पेये ओआरएसच्या नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. ओआरएसचे खरे पाकीट आंगनवाडीत आणि आशाताईंकडे मिळते, सोबत झिंकच्या गोळ्याही मिळतात.

चौथी गोष्ट कागदाची आहे. चिठ्ठी, मेडिकलचे बिल आणि बाटली मूल पूर्ण बरे होईपर्यंत जपून ठेवावी. बिलावर आणि बाटलीवर बॅच नंबर असतो. परासियात कोणती बाटली, कोणती बॅच, हे शोधता आले ते अशाच बाटल्यांवरून. दुकानदाराने "बिल कशाला?" म्हटले तर नम्रपणे मागून घ्यावे. औषध सुरू केल्यावर मुलाची तब्येत बिघडली, तर तीच बाटली घेऊन दवाखान्यात जावे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्दीच्या सिरपमधील क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन या जोडीविषयी आदेश दिला होता की, चार वर्षांखालील मुलांना ती देऊ नये, ही सूचना बाटलीवर छापावी. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडी होती. समजा, सूचना छापली आहे. ती इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. रामाकोन्यात आई मराठी बोलते, दवाखान्यात हिंदी चालते आणि बाटली इंग्रजी बोलते. १९५६ साली आपला भाग मध्य प्रदेशातच राहिला तेव्हापासून आपण दोन भाषांत जगतो आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण औषधाच्या बाटलीपाशी तिसरी भाषा येते आणि तिथे घर मुके होते. अनेक घरांत ती वाचू शकणारी एकच व्यक्ती असते आणि ती आपल्या आठवी-नववीच्या वर्गात बसलेली असते.

म्हणून शाळेचा संबंध येतो. "शाळेने शिकवावे, दवाखाना डॉक्टर पाहतील," असे काही जण म्हणतील. आम्ही शिकवण्याविषयीच बोलत आहोत. इंग्रजीच्या तासाला निबंधासोबत एक रिकामी औषधाची बाटली वाचून दाखवता येईल. औषधाचे नाव, प्रमाण, बॅच, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, सूचना, एवढे आठवीच्या विद्यार्थ्याला वाचता आलेच पाहिजे. गणिताच्या तासाला वर दिलेले त्रैराशिक करता येईल. विज्ञानाच्या तासाला एकमेकांचे श्वास मोजता येतील. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही आणि नवा खर्चही येत नाही.

मुलांवर भलता भार पडू नये, हेही आम्ही स्पष्ट करतो. औषध द्यायचे की नाही, हे मुलांनी ठरवायचे नाही. त्यांनी वाचून मोठ्यांना सांगायचे आणि शंका असेल तर, "आई, आधी विचारू या," एवढेच म्हणायचे. पालकांनीही तेव्हा "तुला काय कळते?" म्हणू नये.

विश्वस्त मंडळाला आमची दोन मागणी आहेत. वर्षातून दोन पालक सभांना, एक पावसाळ्याआधी आणि एक थंडीआधी, स्वास्थ्य केंद्रातील एएनएम आणि गावातील आशाताई यांना बोलवावे. त्यांनी मराठीत बोलावे, आयांनी मोकळेपणी प्रश्न विचारावेत. आणि शाळेत एक वजनकाटा ठेवावा, ज्यावर आई बाळाचे वजन करून ते चिठ्ठीच्या मागे लिहून नेऊ शकेल. डॉक्टरसमोर वजन सांगणाऱ्या आईला मात्रा नीट मिळण्याची शक्यता वाढते.

कारखान्यातील विष आपण शाळेत बसून थांबवू शकत नाही. ते काम शासनाचे आहे आणि त्याचा हिशेब आपण मागत राहिले पाहिजे. पण नको असलेली बाटली घरात न आणणे, आणलेली वाचणे, मुलाचा श्वास आणि लघवी पाहणे, आणि वेळेवर दवाखाना गाठणे, हे आपण करू शकतो. येत्या पालक सभेला प्रत्येकाने घरातील औषधांचा डबा उघडून पाहावा आणि त्यातील एक बाटली सोबत आणावी. आपण सारे मिळून ती वाचू, असे आमचे नम्र आवाहन आहे.