बसलेली बॅटरी आणि बसलेले आपण

मागच्या शनिवारी आहुप्याला गेलो होतो. घोडेगाव मागे टाकलं, डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेने गाडी निघाली की माझी सुट्टी सुरू होते. आहुप्याचा कडा, देवराई, धुकं यांवर पुष्कळांनी लिहिलंय. आजचा विषय रुक्ष आहे: बारा व्होल्ट.

ज्यांच्याकडे उतरतो त्या मामांनी दारातच सांगितलं, "सायेब, बॅटरी परत बसली." तीन वर्षांतली तिसरी! टीव्ही आणि पंखा लावला की सोलरचे दिवे मिणमिणतात. पावसाळ्यात लाईन गेली की हेच दिवे चुलीपाशी, पोरांच्या अभ्यासाला आणि रात्री अंगणात पाय टाकण्याआधी साप-विंचू बघायला. दुकानदाराचं निदान दर वेळी एकच, बॅटरी बदला. आणि पैसे कुठून आले? हिरड्यातून. झाडाखाली वाकून वेचलेल्या, उन्हात वाळवलेल्या हिरड्यातून.

मी मल्टिमीटर लावला. सगळं बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट. म्हणजे चांगली भरलेली. सगळं चालू केलं, पाचेक अँपिअर वाहायला लागले, तरी बॅटरीवर १२.३. आणि पलीकडच्या खोलीत दिव्यापाशी? ९.९! मधले २.४ व्होल्ट गेले कुठे?

गणित शाळेतलंच आहे. वायर दीड चौरस मिलिमीटरची, अंतर पंधरा मीटर, जाऊन-येऊन तीस. तिचा रोध सुमारे ०.३६ ओहम. गुणिले पाच अँपिअर, म्हणजे १.८ व्होल्ट वायरीतच खलास. उरलेले ०.६ टर्मिनलवरच्या हिरव्या-पांढऱ्या बुरशीने खाल्ले. बॅटरी बिचारी निर्दोष!

आता कोणी म्हणेल, वायरमनने चूक केली. पण हीच वायर २३० व्होल्टच्या घरात असती तर १.८ व्होल्ट गेलेले कुणाला कळलेही नसते. बारा व्होल्टात तोच खड्डा पंधरा टक्क्यांचा होतो. त्याला हे कुणी शिकवलंच नाही. आपण पॅनेल वाटतो, फोटो काढतो, नि निघून येतो.

हा धडा मी मुंबईत एका मित्राच्या शिडाच्या होडीवर शिकलो होतो. तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप धापा टाकायचा. त्यानेही दोन बॅटऱ्या बदलल्या, आणि निघालं काय, तर खाऱ्या हवेने सडलेलं एक टर्मिनल. होडीवाल्यांच्या जगात यावर नियम आहेत. अमेरिकेतल्या बोटींच्या मानकात महत्त्वाच्या उपकरणांना तीन टक्क्यांपेक्षा जास्त व्होल्टेज वायरीत गमावायची मुभा नाही. हौसेच्या होडीला नियम, आणि डोंगरातल्या घराला "बॅटरी बदला"?

दुकानदार चोर आहे असं मी म्हणत नाही. बॅटऱ्या खरंच मरतात. पावसाळाभर अर्धवट भरलेली ठेवली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती जाते. पण मेली हे ठरवायला आधी नाडी बघावी लागते ना? नाडी न बघता तिरडी बांधायची ही कुठली वैद्यकी?

आणि आपण संगणकवाले तरी काय वेगळे? "रीस्टार्ट करून बघा" हे आपलंच ब्रह्मवाक्य. सर्व्हर हळू झाला की आधी मोठा सर्व्हर मागतो, मोजायचं नंतर. फरक इतकाच की आपल्या आळसाचं बिल कंपनी भरते, मामांचं बिल मामाच भरतात.

माझी मागणी साधी आहे. जिथे सोलर द्याल तिथे काहीशे रुपयांचा एक मल्टिमीटर द्या, आणि गावातल्या एका पोराला किंवा पोरीला भार चालू ठेवून दोन टोकांना मोजायला शिकवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

रविवारी घोडेगावातून चार चौरस मिलिमीटरची वायर आणली, टर्मिनल घासली. दिव्यापाशी ११.६. मामांची धाकटी मुलगी नववीत आहे. तिसरं माप तिने स्वतः घेतलं, वहीत तारखेसकट लिहिलं. मामा मात्र गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी आधीच्या दोन चांगल्याच व्हत्या का?"

कदाचित, मामा. त्या परत दिल्या, आता कळायला मार्ग नाही.