‘नटरंग’मधील घर आणि पुरुषपणाची अट

आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेला आणि रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘नटरंग’ हा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला, अजय-अतुल यांचे संगीत घरोघरी पोहोचले, आणि गुणा कागलकर हे नाव कलानिष्ठेचे प्रतीक ठरले. चित्रपटाची चर्चा तेव्हापासून बहुधा ‘कलावंताची शोकांतिका’ या एका चौकटीत होत आली आहे. कलेसाठी सर्वस्व पणाला लावणारा एक माणूस आणि त्याला न समजून घेणारा समाज, असा तिचा आशय सांगितला जातो. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. ‘नटरंग’ ही कलावंताच्या कथेआधी एका घराची कथा आहे, आणि त्या घराने पुरुषाकडून काय मागितले याची ती नोंद आहे. या अंगाने पाहिले असता चित्रपटाचे सामर्थ्य जसे स्पष्ट होते तशी त्याची मर्यादाही.

गुणा हा पैलवानी बांध्याचा शेतमजूर. विहिरीवर इंजिन बसते आणि मोटेवरचे त्याचे काम जाते. तमाशाचे वेड त्याच्या अंगात पूर्वीपासून आहेच. बेकारीने त्या वेडाला वाट मिळते. फड उभा राहतो, नयना ही नर्तकी मिळते. पण फडात नाच्या हवा अशी अट पुढे येते आणि ते सोंग घ्यायला कोणी पुढे होत नाही. राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणारा गुणा अखेर स्वतःच नाच्या होतो. ज्या शरीराच्या बळावर तो मजुरी मिळवीत होता, तेच शरीर त्याला झिजवावे लागते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, गुणाचा पुरुषपणा आधी यंत्राने हिरावला आहे, सोंगाने नंतर. घर पोसणारा हात रिकामा झाला त्या दिवशीच घरातील त्याचे स्थान डळमळले होते. मुरका आणि टाळी हे केवळ निमित्त ठरले.

त्याची बायको दारकी हिच्याकडे कलेची शत्रू म्हणून पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. ग्रामीण कुटुंबात पुरुषपणा ही एकट्या पुरुषाची मालमत्ता नसते. ती घराची पत असते. बायकोचे कुंकू, मुलाचे नाव, सोयरीक, पाणवठ्यावरचे बोलणे हे सारे त्या पतीवर उभे असते. नवरा नाच्या झाला की बायको ‘कोणाची’ हा प्रश्न गाव विचारू लागते आणि त्याचे उत्तर तिला द्यावे लागते. दारकीचा संताप हा म्हणून अज्ञानाचा नाही, तो हिशेबाचा आहे. गुणाने जे सोडले त्याची किंमत तिच्या आणि मुलाच्या नावावर मांडली गेली. हे घरचे दुःख चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखविले आहे, ही त्याची मोठी मिळकत होय.

हा हिशेब केवळ कागलचा नाही. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातले रिठद घेतले तरी तो तसाच लागू पडतो. वऱ्हाडातील अशा कोणत्याही गावी शाळेच्या स्नेहसंमेलनात लुगडे नेसून नाचणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात; दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तशाच लकबीने चालला तर ‘बायल्या’ हा शब्द त्याच्या मागे लागतो. विदर्भातील दंडार आणि खडी गंमत या लोककलांत पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याची परंपरा जुनी आहे, आणि गाव ती मान्य करते. गाव जे मान्य करीत नाही ते मंचाखाली उतरलेले बाईपण. म्हणजे समाजाचा आक्षेप वेषावर नसून, वेष उतरविल्यानंतर मागे काही उरते की काय, या शंकेवर आहे.

‘नटरंग’ची मर्यादा नेमकी येथे सुरू होते. ही शंका चित्रपट प्रश्न म्हणून हाताळत नाही. तो ती घाईने फेटाळतो. गुणा ‘खरा’ पुरुष आहे, नाच्या हे केवळ सोंग आहे, याची ग्वाही प्रेक्षकाला पुनःपुन्हा मिळते. आरंभीचा त्याचा पिळदार देह ही पहिली ग्वाही, नयनाचे त्याच्यावरील प्रेम ही दुसरी. अतुल कुलकर्णी यांनी भूमिकेसाठी शरीर कमावले आणि मग उतरविले, याचे झालेले कौतुक हीदेखील पडद्याबाहेरची एक ग्वाहीच होती: बाईपण ही अभिनयाची मेहनत आहे, स्वभाव नव्हे. गुणावर सामूहिक बलात्कार होतो तेव्हा प्रेक्षक हळहळतो, कारण एका पुरुषाची विटंबना झाली असे त्याला वाटते. तोच अत्याचार खरोखर बायकी स्वभावाच्या माणसावर झाला असता तर प्रेक्षागृह तितकेच हळहळले असते काय? हा प्रश्न चित्रपट उद्भवूच देत नाही. अखेरीस जीवनगौरव पुरस्काराने गुणाचे पुनर्वसन होते. घराने नाकारलेला माणूस सत्काराच्या मंचावर स्वीकारला जातो. घराचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

याच दिग्दर्शकाचा ‘बालगंधर्व’ (२०११) शेजारी ठेवला की हा मुद्दा अधिक स्वच्छ होतो. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांनी ‘मानापमान’मधील भामिनी आणि ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी साकारली तेव्हा कुलीन स्त्रियांनी त्यांच्या वेषभूषेचे अनुकरण केले आणि १९६४ साली शासनाने त्यांना पद्मभूषण दिले. संगीत रंगभूमीवरील पुरुषाचे शालू नेसणे हे सौंदर्य ठरले. तमाशातील पुरुषाचे मुरकणे हे हसे ठरले. दोघांनीही स्त्रीचेच रूप घेतले. फरक प्रेक्षकांच्या वर्गाचा होता, आणि कोणती स्त्री उभी केली याचा होता. घरंदाज नायिका होणारा पुरुष घराची प्रतिष्ठा राखतो. नाच्या ती उधळतो.

नाच्याच्या या ओझ्याची झळ पडद्यापुरती राहिली नाही. ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५) सारख्या तमाशापटांतून नाच्या अजरामर करणारे गणपत पाटील (निधन २००८) हे संसारी गृहस्थ होते. तरीही भूमिका हाच त्यांचा स्वभाव असे लोकांनी धरून चालल्यामुळे त्यांना आणि कुटुंबाला मनस्ताप सोसावा लागला. त्यांच्याविषयी लिहिताना मात्र ‘ते तसे नव्हते’ एवढेच ठासून सांगितले जाते. ‘असते तरी काय बिघडले असते?’ असे विचारले जात नाही. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (२००९) मध्येही हेच घडते. जोगता झालेल्या तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण तेथेही करुणा लादलेल्या लुगड्याखालच्या पुरुषासाठी आहे; लुगडे ज्याला आपले वाटते त्याच्यासाठी नाही.

यावर असे म्हटले जाईल की, सर्वसामान्य प्रेक्षकाला या विषयापर्यंत आणावयाचे तर पैलवानाच्या हाताला धरूनच आणावे लागते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ‘नटरंग’ने ते काम केले याबद्दल त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि पहिली पायरी हीच इमारत समजण्याचे कारण नाही. ‘मी हिजडा… मी लक्ष्मी!’ हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ साली मराठीत आले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीची लिंगओळख तिने स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. ‘सोंग की स्वभाव’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्यामुळे प्रेक्षकाकडून त्या माणसाकडे गेला आहे. समीक्षेनेही तो आता प्रेक्षकाच्या हाती ठेवू नये.

मराठीच्या अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रात, रिठदसारख्या गावांच्या पंचक्रोशीत, लोककलांत स्त्रीवेष घेतलेली वृद्ध माणसे आढळल्यास त्यांची गाणी आणि सोंगे टिपून घेताना त्यांच्या घराचीही नोंद घेतली जावी: बायको काय म्हणाली, मुलांची सोयरीक कशी झाली, लुगडे घरात कोठे ठेवले जाई. लोककलेच्या अभ्यासात गण, गौळण, वग यांचे वर्गीकरण पुष्कळ झाले. सोंग उतरवून घरी परतणाऱ्या माणसाचा अभ्यास त्या मानाने फार थोडा आहे. गुणाला अखेर पुरस्कार मिळाला, परंतु घर मिळाले नाही. ज्याला पुरस्कार मिळण्याचा संभव नाही अशा स्नेहसंमेलनातील त्या मुलाला घर तरी मिळावे की नाही, हा ‘नटरंग’ने मागे ठेवलेला खरा प्रश्न आहे.