विजेची मोटार कोणासाठी?

विजेची मोटार घ्या, पेट्रोलचा खर्च वाचवा, हवा स्वच्छ ठेवा, असा उपदेश गेली दहा वर्षे शासन आणि मोटार कंपन्या एका सुरात करीत आहेत. उपदेश वाईट नाही. बँका, विमा, रेल्वे आणि सार्वजनिक उद्योगांतील आमचे अनेक सभासद आज कर्ज काढून छोटी मोटार घेण्याच्या विचारात आहेत. टॅक्सीवर पोट असलेल्या सभासदांना तर हा रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. म्हणूनच सार्वजनिक तिजोरीतून दिली जाणारी सवलत नेमकी कोणाच्या दारात पोहोचते, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

केंद्राची 'फेम' योजना २०१५ मध्ये आली. तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून १०,००० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाला आणि मुदतवाढ मिळून मार्च २०२४ मध्ये संपला. या टप्प्यात खासगी मोटारीला थेट अनुदान नव्हते. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेतही मोटारीला अनुदान नाही. बस आणि तीनचाकीला आधी मदत मिळावी, हे आम्हालाही मान्य आहे. पण मोटारीला मग काय मिळाले? ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के झाला. कर्जाच्या दीड लाखापर्यंतच्या व्याजावर आयकरात वजावट होती, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जापुरती. म्हणजे ज्याचे उत्पन्न मोठे त्याला लाभ मोठा, आणि ज्याला आयकरच लागत नाही त्याच्या हाती शून्य! पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि किमतीतील दरी आणखी रुंदावली.

सर्वांत मोठी सवलत मात्र कोणत्याही योजनेत लिहिलेली नाही. ती आहे घरच्या घरी गाडी चार्ज करण्याची सोय. साधा हिशेब मांडू. छोटी गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते आणि घरची वीज आठ रुपये युनिट पडते, असे धरले तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत खर्च येतो. सार्वजनिक केंद्रावर युनिटला वीस रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर तोच खर्च साडेतीन रुपयांच्या घरात जातो. सीएनजी ऐंशी रुपये किलो आणि गाडी पंचवीस किलोमीटर धावते असे मानले, तर खर्च तीन रुपये वीस पैसे होतो. शंभर रुपये लिटरच्या पेट्रोलवर सोळा किलोमीटर धरले, तर सव्वासहा रुपये. याचा अर्थ उघड आहे. ज्याच्या दारात स्वतःचे पार्किंग आणि प्लग आहे, त्यालाच विजेची गाडी खरी स्वस्त पडते. ज्याला दोन्ही नाही, त्याला ती सीएनजीपेक्षाही महाग पडते.

आणि आमचा कामगार राहतो कोठे? चाळीत, भाड्याच्या खोलीत, गल्लीत गाडी लावावी लागते अशा घरात किंवा कंपनीच्या क्वार्टरमध्ये. ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्कही मिळाला. २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय ठेवण्याची तरतूद झाली. पण नव्या इमारतींसाठीचा नियम जुन्या चाळीच्या काय कामाचा? क्वार्टरमधली जोडणी आणि आवार दोन्ही व्यवस्थापनाच्या ताब्यात असतात. हक्क कागदावर असला, तरी प्लग बसवण्याची परवानगी साहेबाच्या टेबलावर अडते.

आता भाड्याच्या नव्या तऱ्हा पाहू. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने 'विंडसर' ही गाडी ९ लाख ९९ हजार रुपयांना आणली. बॅटरीचे भाडे वेगळे, किलोमीटरला साडेतीन रुपये. त्यात घरच्या विजेचा सव्वा रुपया मिळवला तर पावणेपाच रुपये होतात. पहिला हप्ता हलका झाला, पण मीटर कायमचे मागे लागले. दुसरी तऱ्हा कंपनीमार्फत भाडेपट्ट्याची. वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्याला ती करसवलतीसह मिळते. त्याच दारातून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला कोणी विचारतही नाही.

हे असेच चालावे, असा काही निसर्गनियम नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी दरमहा सुमारे शंभर युरोपासून विजेची मोटार भाडेपट्ट्याने देण्याची योजना निघाली. अट उत्पन्नाची होती, आणि त्याबरोबर कामाचे ठिकाण घरापासून पंधरा किलोमीटरपेक्षा दूर असण्याची किंवा कामासाठी वर्षाला आठ हजार किलोमीटरहून अधिक गाडी चालवावी लागण्याची. मागणी इतकी आली, की सुमारे पन्नास हजार अर्जांनंतर फेब्रुवारीतच नोंदणी थांबवावी लागली; सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली. फ्रान्सची तिजोरी आणि आपली तिजोरी सारखी नाही, हे आम्ही जाणतो. पण सवलत गरज पाहून देता येते, एवढा धडा त्यातून नक्कीच घेता येईल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रेल्वे, कोळसा खाणी, आयुध निर्माण्या आणि सर्व सार्वजनिक उद्योगांच्या वसाहतींत सुरक्षित चार्जिंग पॉइंट व्यवस्थापनाने बसवावेत आणि वीज घरगुती दराने द्यावी. कारखान्याच्या वाहनतळावरील चार्जिंग कायम व कंत्राटी, सर्वांना खुले असावे. सार्वजनिक चार्जिंगवरील १८ टक्के जीएसटी कमी करावा. टॅक्सीचालकांना आणि कमी उत्पन्नाच्या कामगारांना पतसंस्थांमार्फत कमी व्याजाचे कर्ज मिळावे. या मागण्या येत्या वाटाघाटींच्या मागणीपत्रकात घालण्याचे आवाहन आम्ही सर्व शाखांना करतो.

सभासदांना दोन शब्द. गाडीच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल आणि महिन्याला हजार किलोमीटर फिरणे असेल, तर घरी चार्जिंग असूनही पेट्रोलच्या तुलनेत तो फरक भरून निघायला पाच वर्षे लागतात. सीएनजीच्या तुलनेत बारा वर्षांहून अधिक. कर्जाचे व्याज त्यात धरलेले नाही. तेव्हा जाहिरातीला भुलून सही करू नका. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, भाड्यात किमान किलोमीटरची अट आहे काय, हे लेखी घ्या. खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज करू नका. स्वतंत्र वायरिंग आणि पक्के अर्थिंग करून घ्या.

विजेच्या गाडीला आमचा विरोध नाही. धुराचा पहिला घास कामगार वस्तीच घेते, त्यामुळे स्वच्छ हवेची सर्वाधिक गरज आम्हालाच आहे. पण सवलतीचा पैसा सर्वांचा असेल, तर प्लगही सर्वांच्या दारात आला पाहिजे. तो मागितल्याशिवाय येणार नाही, आणि एकट्याने मागून तर मुळीच येणार नाही.