दव फळाला चालत नाही

वऱ्हाड म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊन आठवतं. अकोल्याचा मे महिना, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. खोटं नाही ते. पण याच मुलखात डिसेंबर-जानेवारीत कधी कधी पारा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि त्याच सुमारास वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी चालू असते. त्या थंडीत झाडाखाली उभ्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही.

तोडणीचे मजूर पहाटेच निघतात, बहुधा टेम्पोत मागे उभे राहून. बागेत पोचेस्तोवर बोटं बधिर झालेली. गवत ओलं, पानं ओली. फांदी जरा ओढली की सगळं दव मानेवर. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). ओला संत्रा तोडू नये, सालीला डाग पडतात, माल सडतो, हे प्रत्येक बागाईतदाराला पाठ असतं. म्हणजे फळ सुकायची आपण वाट बघतो, माणूस सुकायची नाही.

"त्यांना सवय असते," हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय. यातले बरेच कोरकू, दिवाळीनंतर मेळघाटातून उतरतात आणि होळीला परत जातात. डोंगरातली थंडी त्यांना नवी नाही, कबूल. पण गावी शेकोटी असते, चूल असते. इथे बागेच्या कडेला ताडपत्रीचं पाल, त्यात लेकरं, आणि शिदोरीत पहाटेची ज्वारीची भाकर न् ठेचा. दुपारपर्यंत ती भाकर वातड होते. एक म्हातारी मला म्हणाली होती, "सकायी पोटात गरम गेलं का हात चालते, भाऊ." यात मालकाचाही हिशेब आहे. बधिर बोटांनी कात्री नीट चालत नाही. मग फळ ओढून तोडलं जातं, देठाजवळ साल फाटते.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, लेकरांसाठी सावली, विसावा आणि प्रथमोपचाराची पेटी लिहिलेली होती. चांगलंच होतं ते. पण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे उन्हाळाच असावा. आणि संत्र्याच्या तोडणीला तेवढंही लागू नव्हतं.

खरं तर लागतं किती? झाडांवरची वाळलेली सल काढायचीच असते, तिचीच शेकोटी होते (झाडापासून लांब, एवढं सांभाळा). कोरडे कपडे ठेवायला एक ताडपत्री. सकाळी चहा, दुपारी तीन दगडांवर एक पातेलं वरण, त्यात ती वातड भाकर कुस्करता येते. अडतं ते खर्चावर. व्यापारी म्हणतो बाग मालकाची, मालक म्हणतो माल आता व्यापाऱ्याचा. मग सौदा ठरतानाच हेही ठरवा ना! माझ्या मते चहा-वरण व्यापाऱ्याचं, ताडपत्री आणि सरपण मालकाचं.